प्रवेश रद्द, स्वयमचे क्रेडिट आणि अडकलेली पदवी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रवेशाचा मोसम सुरू झाला की या सदराकडे येणारे बहुतेक प्रश्न एकाच जागी अडकलेले असतात : तोंडी बोलणं झालं, पण कागद झाला नाही. म्हणून पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात अर्ज, तारीख आणि पोच हे तीन शब्द पुन्हा पुन्हा येतील. पदवी अभ्यासक्रमाबद्दलची उत्तरं राज्यातल्या विद्यापीठांत लागू असलेल्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्याला धरून आहेत. स्वायत्त कॉलेजांत तो २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला.

प्रश्न : मुलीचा बीएस्सीला प्रवेश घेतला, २४ हजार फी भरली. नंतर सीईटीच्या फेरीत तिला बी.फार्मसीची जागा मिळाली. कॉलेजचे क्लार्क म्हणतात, ‘एकदा भरलेली फी परत मिळत नाही.’ मूळ टीसी आणि बारावीचं गुणपत्रकही त्यांच्याकडेच आहे. काय करावं? – एक पालक, उदगीर

उत्तर : फी परत मिळते. किती मिळते, ते तुम्ही लेखी अर्ज कधी दिला यावर ठरतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ऑक्टोबर २०१८ मध्ये यासाठी कोष्टक ठरवून दिलं आहे. त्यातले दिवस तुमच्या प्रवेशाच्या तारखेपासून मोजायचे नसतात. जाहीर झालेल्या प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपासून मोजायचे असतात. इथेच पालकांची सर्वाधिक गफलत होते.

शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी अर्ज दिला तर पूर्ण फी परत. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि कमाल ५,००० रुपये कापता येतात. शेवटची तारीख १५ दिवसांच्या आत आली असताना अर्ज दिला तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यानंतर शून्य. अनामत रक्कम या हिशेबाच्या बाहेर आहे, ती प्रत्येक टप्प्यावर पूर्ण परत मिळाली पाहिजे.

तुमच्या आकड्यांत मांडून पाहा. समजा, प्रवेशाची शेवटची तारीख १६ ऑगस्ट होती आणि २४,००० फीशिवाय ५०० रुपये अनामत होती. २५ ऑगस्टला अर्ज दिला तर १९,२०० अधिक ५००, म्हणजे १९,७०० रुपये. तोच अर्ज ५ सप्टेंबरला दिला तर १२,५००. २० सप्टेंबरला दिला तर हातात फक्त ५०० येतात. ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य ऐकून परत फिरण्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

आधी एक गोष्ट तपासा. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी यूजीसीने याहून उदार आदेश काढला होता : ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात. तुमच्या मुलीच्या प्रवेशाच्या वर्षाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावरून काढा आणि अर्जाला जोडा. परिपत्रक समोर ठेवलं की खिडकीवरचं बोलणं बदलतं.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, एकाच पानाचा. विद्यार्थिनीचं पूर्ण नाव, वर्ग, पावती क्रमांक आणि तारीख, भरलेली रक्कम, रद्द करण्याचं कारण, बँक खात्याचा तपशील, आणि ‘मूळ कागदपत्रं व नियमाप्रमाणे फी परत मिळावी’ ही मागणी. सोबत फार्मसीच्या जागेच्या वाटपपत्राची प्रत. दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेऊन या. आवक विभाग शिक्का द्यायला तयार नसेल तर त्याच दिवशी तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने टाका. तारीख सिद्ध झाली की अर्धं काम झालं. अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करणं कॉलेजवर बंधनकारक आहे.

मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. मूळ प्रती फक्त पडताळणीसाठी बघायच्या आणि साक्षांकित प्रती ठेवून परत करायच्या, असं त्याच अधिसूचनेत आहे. फार्मसी कॉलेजात हजर व्हायची मुदत जवळ आली असेल तर तिथे हमीपत्र आणि रद्द करण्याच्या अर्जाची पोच दाखवून चार दिवसांची सवलत मागा. जागा मात्र हातची जाऊ देऊ नका : आधी नव्या जागेचं वाटपपत्र हातात घ्या, मग जुनी रद्द करायचा अर्ज द्या.

पंधरा दिवसांत काहीच झालं नाही तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार द्या. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. यूजीसीच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, पण तिथे पोच असलेला अर्ज जोडला नसेल तर तक्रार रेंगाळते.

मुलीने बीएस्सीच्या नावावर महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरला असेल तर तो आधी रद्द करून घ्या. तो तसाच राहिला तर फार्मसीचा अर्ज भरताना अडचण येते, आणि ती बहुधा मुदत संपायच्या शेवटच्या दिवसात लक्षात येते.

प्रश्न : एसवायबीकॉमला आहे. एक विषय झेपत नाही. तेवढा एकच विषय सोडता येईल का? परदेशात म्हणे असं करतात. – विद्यार्थी, कल्याण

उत्तर : आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत मधल्या काळात विषयातून माघार घेण्याची वेगळी सोय नाही. मायनर (दुय्यम विषय) किंवा ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय) बदलायची असेल तर सत्राच्या सुरुवातीचे काही दिवस मिळतात. ती तारीख कॉलेजच्या सूचना फलकावर लागते आणि तिची आठवण कुणी करून देत नाही. परीक्षा फॉर्म भरला की त्यातले विषयांचे कोड पक्के. हॉल तिकिटावर जो कोड येईल त्याचा पेपर द्यावा लागतो. गैरहजर राहिलात तर गुणपत्रकावर ‘अ‍ॅब’ लागतं आणि तो विषय केटी, म्हणजे पुन्हा परीक्षा द्यायचा राहिलेला विषय, म्हणून पुढे येतो. मेजरचा, म्हणजे मुख्य, विषय तर बदलताच येत नाही.

त्यामुळे विषय सोडायचा विचार करण्यापेक्षा इंटर्नलचे गुण आधी खिशात घाला. अनेक विद्यापीठांत इंटर्नल आणि एक्स्टर्नल या दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. इंटर्नलला दांडी मारलेला विद्यार्थी पेपर चांगला लिहूनही केटीत राहतो, आणि इंटर्नलची पुन्हा संधी प्रत्येक कॉलेज वेगवेगळ्या वेळी देतं.

प्रश्न : मुलगा एसवायबीएला होता. घरच्या अडचणीमुळे डिसेंबरपासून कामाला लागला, कॉलेजला जाणं बंद केलं. त्याचं आत्तापर्यंतचं शिक्षण वाया गेलं का? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, वाया गेलेलं नाही. पण आत्ता हालचाल केली नाही तर पुढे त्रास होईल.

जाणं बंद करणं म्हणजे कॉलेज सोडणं नव्हे. कॉलेजच्या दप्तरी तो अजून विद्यार्थीच आहे. हजेरी ७५ टक्क्यांखाली आली की टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे ते सत्र धरलं जात नाही, परीक्षा फॉर्म भरला नाही की सत्र कोरं जातं, आणि फीची बाकी मात्र नावावर राहते. ती बाकी दोन-तीन वर्षांनी टीसी मागायला गेल्यावर समोर येते. म्हणून पहिलं काम : ‘कौटुंबिक कारणामुळे चौथ्या सत्रापासून शिक्षण खंडित करत आहे’ असा अर्ज, पोच घेऊन. परीक्षा फॉर्मची मुदत उलटायच्या आत दिला तर उत्तम.

त्याने जे क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक, मिळवले ते अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, त्याच्या १२ अंकी अपार आयडीवर (विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकावर) जमा असतात. डिजिलॉकर उघडून ते खरंच दिसतात का पाहा. या क्रेडिटची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं असते.

आता पहिल्या वर्षाचं पाहू. पहिल्या दोन सत्रांत मिळून ४० ते ४४ क्रेडिट असतात. ते सगळे पूर्ण असतील, एकही केटी नसेल, तर त्याला यूजी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडण्याचा हक्क आहे. पण त्यासाठी आणखी ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. ही अट पुष्कळांना माहीतच नसते. नुसतं पहिलं वर्ष पास झालं म्हणून सर्टिफिकेट मागायला गेलं की रिकाम्या हाती परतावं लागतं. तो आत्ता करतोय ते काम त्याच्या विषयाशी जुळणारं असेल तर ते इंटर्नशिप म्हणून धरता येईल का, हे विभागप्रमुखांना आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दोन वर्षं पूर्ण झाली असती, म्हणजे ८० ते ८८ क्रेडिट, तर अशाच अटीवर डिप्लोमा मिळाला असता. तिसऱ्या सत्राचे क्रेडिट मिळाले असतील तर ते वाया जात नाहीत, खात्यावर राहतात.

परत यायचं असेल तर यूजीसीच्या आराखड्यात बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण, अशी चौकट आहे. मुलाला ही दोन वर्षं एका कागदावर लिहून द्या : कोणत्या सालापर्यंत परत यायचं, आणि कोणत्या सालापर्यंत संपवायचं. कामाच्या रगाड्यात सालं कशी निघून जातात ते कळत नाही.

प्रश्न : ‘स्वयम’वर केलेल्या कोर्सचे क्रेडिट कॉलेज धरत नाही. प्रमाणपत्र आहे, तरी नकार. असं का? – विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : प्रमाणपत्र खरं असूनही क्रेडिट बुडण्याची मोजकी कारणं असतात, आणि त्यातली बरीच कोर्सला नाव नोंदवण्याच्या आधीच घडलेली असतात.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून, करता येतात. सत्रात सात विषय असतील तर हिशेब २.८ येतो, म्हणजे दोन. पण कोणते दोन, हे विद्यार्थी ठरवत नाही. विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज दर सत्रात मंजूर कोर्सची यादी काढतं. त्या यादीतला कोर्स, ज्या विषयाच्या बदली म्हणून मंजूर आहे त्याच विषयासाठी, आणि कॉलेजच्या समन्वयकाची आधी परवानगी घेऊन. या तिन्हींपैकी एक जरी सुटलं तरी तुमच्या हातातलं प्रमाणपत्र बायोडेटाला उपयोगी, गुणपत्रकाला नाही. जळगावच्या तुमच्या पत्रात परवानगीचा उल्लेख नाही, त्यामुळे बहुधा इथेच अडकलं असावं.

दुसरं कारण आठवडे आणि क्रेडिट जुळत नाहीत. एनपीटीईएलच्या (स्वयमवर आयआयटींचे कोर्स देणाऱ्या समन्वयक संस्थेच्या) कोर्सला साधारणपणे ४ आठवड्यांना १, ८ आठवड्यांना २ आणि १२ आठवड्यांना ३ क्रेडिट धरतात. तुमची ओपन इलेक्टिव्ह ४ क्रेडिटची असेल आणि तुम्ही १२ आठवड्यांचा कोर्स केला असेल तर १ क्रेडिट कमी पडतो, आणि तो एक क्रेडिट वेगळा कुठून आणायचा याची सोय नसते. म्हणून २ क्रेडिटच्या विषयासाठी ८ आठवड्यांचा कोर्स सर्वांत सोयीचा.

तिसरं कारण गुणांचं. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, दोन्ही स्वतंत्र हवेत. असाइनमेंट १८ आणि परीक्षा ३६, बेरीज ५४ : प्रमाणपत्र मिळतं. असाइनमेंट २२ आणि परीक्षा २८, बेरीज ५० : मिळत नाही. ‘पन्नास असून नापास कसा?’ याचं उत्तर हे. इतर समन्वयक संस्थांच्या कोर्सना ही विभागणी ३० आणि ७० अशी असते.

असाइनमेंट दर आठवड्याला ठरलेल्या रात्री ११:५९ ला बंद होते. नंतर कितीही विनंती केली तरी उघडत नाही. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ६. म्हणजे आजारपण, लग्नकार्य, वीज नसणं यासाठी दोन-चार आठवड्यांची मोकळीक आहे, पण ती पहिल्याच महिन्यात संपवू नका. आणि कोर्सला नाव नोंदवणं फुकट असलं तरी परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. सगळी असाइनमेंट वेळेत दिलेला, पण परीक्षेचा फॉर्मच न भरलेला विद्यार्थी दर सत्रात एखादा तरी निघतोच. त्याच्या हाती काहीच लागत नाही.

शेवटची अडचण नावाची, आणि ती आपल्या मराठी नावांत फार होते. बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. स्वयमवर भरताना घाईत नुसतं नाव आणि आडनाव. तीन ठिकाणी तीन तऱ्हा झाल्या की क्रेडिट तुमच्या अपार खात्यावर उतरत नाहीत. स्वयमचं खातं उघडतानाच आधारप्रमाणे नाव भरा, आणि आधार व विद्यापीठाच्या नोंदीत स्पेलिंगचा फरक असेल तर तो पहिल्या वर्षातच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर पदवी हातात येईपर्यंत कॉलेजच्या दप्तरात जुनंच नाव ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : नोकरी करता करता ऑनलाइन बीए केलं तर एमपीएससीला चालेल का? आणि कॉलेजच्या बीएस्सीबरोबर दुसरी पदवी घेता येते का? – वाचक, चंद्रपूर

उत्तर : दोन्हींना हो, अटींसह. यूजीसीची मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. मान्यता मात्र संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला, दोन्हींना हवी, आणि तुम्ही प्रवेश घेताय त्या सत्रासाठी हवी. ती यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर दिसते. २०२४ पासून तिथेच डीईबी आयडी तयार करावा लागतो, त्याशिवाय प्रवेश धरला जात नाही. त्याला अपार आयडी आधी हवा.

गावातली एखादी अकादमी ‘आमच्याकडे फॉर्म भरा, पेपरचं आम्ही बघतो’ म्हणत असेल तर तिथून उठा. दूरस्थ शिक्षणात फ्रँचायझी देण्याला बंदी आहे. फी थेट विद्यापीठाच्या खात्यावर जाते की नाही, एवढी एक खूण पुरते. इंजिनीअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, शेती हे या पद्धतीने करता येत नाहीत. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून त्यात मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र यांची भर पडली. मानसशास्त्रातल्या दूरस्थ पदवीच्या जुन्या जाहिराती अजून फिरतात, त्या पाहून पैसे भरू नका. आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करत आहे. बीएसाठी चौकशी तिथून सुरू करा.

दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली. एक वर्गातली आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, ही जोडी सर्वांत सोपी. दोन्ही वर्गातल्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. परीक्षांचं वेळापत्रक मात्र कुणी तुमच्यासाठी बदलत नाही. दोन पेपर एका दिवशी आले तर एकाला मुकावं लागतं.

प्रश्न : तीन वर्षांनी थांबलं तर पदवी ‘अपुरी’ धरतात का? – विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : नाही. तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवी आहे. फरक पुढे पडतो : तीन वर्षांनंतर एमए, एमएस्सी दोन वर्षांचं, चार वर्षांची ऑनर्स केली तर ते एका वर्षात करता येतं. चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत एफ-वन व्हिसावर एमएस करते. एक विषय जड जातोय, ‘विथड्रॉ’ करते म्हणते. त्याऐवजी ऑनलाइन विषय घेईन म्हणते. चालेल का? – एक पालक, नाशिक

उत्तर : तिने पोर्टलवरचं बटण दाबण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या अधिकाऱ्याला, तिकडे ज्यांना डीएसओ म्हणतात त्यांना, भेटलंच पाहिजे. आधी भेटायचं, नंतर नव्हे.

तिकडे ‘ड्रॉप’ आणि ‘विथड्रॉ’ वेगळे. सत्राच्या सुरुवातीच्या ठरलेल्या दिवसांत विषय ड्रॉप केला तर नोंदच राहत नाही. त्यानंतर विथड्रॉ केला तर प्रगतीपत्रकावर ‘डब्ल्यू’ लागतो. तो जीपीएमध्ये, म्हणजे गुणांच्या सरासरीत, धरत नाहीत, पण त्या विषयाची फी बहुधा पूर्ण परत मिळत नाही. अमेरिकेतल्या स्थानिक मुलासाठी गोष्ट इथे संपते. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेलेल्याला मात्र दर सत्रात पूर्णवेळ नोंदणी टिकवावी लागते : पदवीला १२ क्रेडिट, एमएसला विद्यापीठ ठरवेल तेवढे, बहुतेक ठिकाणी ९. तीन विषयांतला एक गेला की ९ चे ६ होतात, आणि परवानगीशिवाय असं झालं तर व्हिसाचा दर्जा जातो. मग तो परत मिळवण्यासाठी पाच महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पुढे ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, नोकरी करायची असेल तर हा डाग महागात पडतो.

क्रेडिट कमी करण्याची परवानगी मिळते, पण कारणं मोजकी : वैद्यकीय कारण, डॉक्टरांच्या पत्रासह, एका शैक्षणिक स्तरावर एकूण १२ महिन्यांपर्यंत, अभ्यासातल्या सुरुवातीच्या अडचणी, एका स्तरावर एकदाच, किंवा शेवटचं सत्र, ज्यात तेवढेच विषय उरलेत. ऑनलाइनचं म्हणाल तर पूर्णवेळेच्या हिशेबात दर सत्राला एकच ऑनलाइन विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरला जातो. तिचा आधीच एक ऑनलाइन असेल तर दुसरा मोजला जाणार नाही. शेवटच्या सत्रात एकच विषय उरला असेल तर तो पूर्णपणे ऑनलाइन घेता येत नाही. तिला फोनवर हे दोन आकडे विचारा : सध्या किती क्रेडिट, आणि त्यातले ऑनलाइन किती.

प्रश्न : सहावं सत्र चांगल्या गुणांनी पास झालो, तरी पदवीचा निकाल राखून ठेवलाय. कॉलेज म्हणतं ‘क्रेडिट कमी आहेत’. मी एकाही मोठ्या विषयात नापास नाही. – विद्यार्थी, परभणी

उत्तर : मोठ्या विषयात नाही, म्हणजे छोट्या विषयात काहीतरी राहिलंय. पूर्वी टक्के बघून पदवी मिळत असे, आता क्रेडिटची बेरीज बघून मिळते. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला सर्वसाधारणपणे दर सत्राला २२ याप्रमाणे १३२ क्रेडिट आहेत. १३१ असले तरी पदवी नाही.

एका सत्राचं गुणपत्रक डोळ्यांसमोर आणा. ४ क्रेडिटचे चार विषय, त्यांत ग्रेड पॉइंट ८, ७, ९, ६. २ क्रेडिटचे तीन, त्यांत ८, ७ आणि एकात ०. प्रत्येकाचे क्रेडिट गुणिले पॉइंट केले तर ३२, २८, ३६, २४, १६, १४ आणि ०, बेरीज १५०. भागिले २२ केलं की ६.८२. आकडा चांगला दिसतो, पण मिळालेले क्रेडिट २० आहेत. अनेक विद्यापीठं नापास विषय सुटेपर्यंत ही सरासरी छापत नाहीत; जिथे छापतात तिथे विद्यार्थी त्या आकड्यावर विसंबतो आणि खालच्या ओळीतला ‘एफ’ तीन वर्षं तसाच राहतो.

सगळी सहा गुणपत्रकं घ्या आणि ‘मिळालेले क्रेडिट’ या रकान्यातले आकडे वहीत उतरवा. ज्या सत्राची बेरीज २२ भरत नाही तिथे शोधा. सापडण्याची शक्यता सर्वाधिक इथे : पहिल्या सत्रातला भारतीय ज्ञानप्रणालीचा विषय, भाषेचा एईसी, मूल्यशिक्षणाचा व्हीईसी, एनएसएस किंवा क्रीडेचे सहअभ्यासक्रम क्रेडिट, फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (आस्थापनेत जाऊन घ्यायचं कामाचं प्रशिक्षण). या विषयांचे तास गंभीरपणे घेतले जात नाहीत, गुण कॉलेजने विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायचे असतात, आणि मुदतीत भरायचे राहिले की विद्यार्थी ‘अ‍ॅब’ दिसतो. तुम्ही हजर होतात, काम केलंत, वही दिलीत, तरीही. इथे चूक विद्यार्थ्याची नसते आणि शिक्षा मात्र त्याला होते. आम्हाला ही गोष्ट फार अन्यायाची वाटते.

गुण भरायचे राहिले असतील तर विभागप्रमुखांकडून मूळ गुणतक्त्याची प्रत घेऊन प्राचार्यांच्या पत्रासह परीक्षा विभागाकडे दुरुस्ती पाठवावी लागते. पत्र कॉलेजने पाठवायचं असतं, पण त्याचा जावक क्रमांक तुम्ही घ्या. त्याशिवाय विद्यापीठात ‘आमच्याकडे काही आलं नाही’ एवढंच ऐकायला मिळेल.

ओजेटीचं वेगळं. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटला १२० तास. प्रमाणपत्रावर नुसतं ‘एक महिना काम केलं’ असेल तर ते परत येतं. सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, कामाचं स्वरूप, आस्थापनेचा शिक्का आणि देखरेख करणाऱ्याची सही हवी, शिवाय कॉलेजच्या मार्गदर्शकाचं मूल्यमापन. तास कमी भरत असतील तर उरलेले भरून देता येतील का विचारा. बहुतेक कॉलेजं पुढच्या सत्राच्या परीक्षेसोबत ते धरतात.

खरोखरच एखादा विषय राहिला असेल तर त्याचा केटी फॉर्म कधी निघतो ते परीक्षा विभागाच्या संकेतस्थळावर रोज बघा, कारण पुढची परीक्षा सुटली तर सहा महिने जातात. विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे निकाल परीक्षेनंतर ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागला पाहिजे, आणि पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी प्रमाणपत्र देणं यूजीसीच्या नियमांत आहे. नोकरी किंवा पुढचा प्रवेश अडला असेल तर निकाल दुरुस्त होताच प्रोव्हिजनल प्रमाणपत्राचा अर्ज द्या, दीक्षान्त समारंभाची वाट पाहू नका.

तुमच्यानंतरच्या मुलांना सांगा : ही बेरीज पाचव्या सत्राच्या निकालानंतर लगेच करायची. पाच सत्रांचे ११० भरले पाहिजेत. तेव्हा कमी सापडले तर सहाव्या सत्राच्या परीक्षा फॉर्मबरोबर केटीचाही फॉर्म भरता येतो, आणि तुमचे जे महिने आत्ता जाणार आहेत ते त्यांचे वाचतात.